ऑपरेशनआधीचा उपास

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजारातून उठलेला माणूस पुढे येऊन साक्ष देतो. बहुतेक जण सांगतात की प्रभू सोबत होता, मला जरासुद्धा भीती वाटली नाही. मीही वर्षानुवर्षं अशा साक्षींवर मोठ्यानं 'आमेन' म्हणत आलो. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी लई भ्यालो. पहिल्या दिवसापासून भ्यालो, आणि हे लिहितानाही भिऊनच राहिलोय. ज्याला न भ्यालेल्या माणसाची गोष्ट पाहिजे त्यानं दुसऱ्या कोणाची वाचावी. ही भ्यालेल्या माणसाची आहे, आणि भ्यालेल्यांसाठीच लिहितोय.

मी नामदेव. आखाडा बाळापूरला माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या मागं पत्र्याचं शेड आहे, तिथं रविवारी आमची वीस-पंचवीस घरांची मंडळी जमते आणि मी बायबलातलं वचन सांगतो. पगारी पाळक नाही मी, पण लोक पाळकच म्हणतात. जन्म धनगराच्या घरातला. बारा-तेरा वर्षांचा होईस्तोवर शेळ्या-मेंढ्यांमागंच होतो. माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, तो अजून कळप राखतो. मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवला आणि सुशीलाशी लग्न केलं तेव्हा दादानं दोन वर्षं बोलणं टाकलं. मग आमची सारा जन्मली. तिसऱ्या दिवशी हा गडी शेळीच्या दुधाची किटली घेऊन दारात उभा. म्हणाला, "देव कोणता बी धर, लेकराला दूध लागतंच की." तेव्हापासून आमचं बरं आहे.

आता ती गोष्ट सांगतो जी सांगायला मला लई वेळ लागला. मी तंबाखू खायचो. रविवारी तंबाखूच्या विरोधात बोलायचो आणि सोमवारी गिरणीच्या पट्ट्यामागं जाऊन चुना मळायचो. अकरा वर्षं. गिरणीत पिठाचा धुरळा उडत असतो, ज्वारीचा, हळकुंडाचा, मिरचीचा वास असतो, त्यात तंबाखूचा वास कोणाला लागतोय. मला वाटायचं, कोणालाच ठाऊक नाही.

तीन बोटं

सुरुवात तिखटानं झाली. साधं वरण खाल्लं तरी डाव्या गालात आग व्हायची. मी मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, जीभ लाल झालीय म्हणून. मग भाकरीचा घास मोठा घेता येईना. सुशीलानं ओळखलं, कारण मी भाकर दुधात कुस्करून खायला लागलो, आणि कोरड्यास-भाकरीवाचून माझं पोट भरत नाही हे तिला पक्कं ठाऊक.

"तोंड उघडा बरं," ती म्हणाली.

"काहून?"

"उघडा म्हणते ना."

उघडलं. तिनं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये घालून नांदेडला नेलं.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, तीन बोटं अशी एकावर एक उभी धरा आणि दातांमध्ये घाला." मला हसू आलं. हा काय पोरखेळ! पण घालायला गेलो तर दोन बोटं जेमतेम गेली. तिसरं जाईना. मी रेटून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी बॅटरीनं आत बघितलं आणि विचारलं, "तंबाखू किती वर्षं?"

सुशीला शेजारीच उभी होती.

मी म्हणालो, "न्हाई खात."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं ते मी आजपर्यंत वाचलेलं नाही. गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला. डॉक्टरांनी शब्द एकदाच उच्चारला, आणि पुढं 'गाठ' म्हणत राहिले.  मी काय विचारावं? मी विचारलं, "गिरणी चालवता येईल का?" सुशीला माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. बाहेर हळदीची हिरवीगार रानं, माणसं आपापल्या कामात. मला मरणाची भीती होतीच, ती कोणाला नसते? पण तिच्याखाली दुसरी एक भीती होती, आणि ती जास्त मोठी होती. समोर कसं जायचं? ज्याच्या नावानं बोलत आलो त्याच्यासमोर उभं राहायचं, तोंडात तंबाखूचा कॅन्सर घेऊन, आणि गेल्या आठवड्यातली थाप घेऊन. देवानं नेमकं तोंडच धरलं, असं मला वाटलं. हात धरला असता, पाय धरला असता, पण त्यानं तोंडच धरलं, कारण लबाडी तिथंच होती. कोणी कितीही समजावलं असतं तरी तेव्हा मला ते पटलं नसतं.

उपास

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. गाल, जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढायच्या, छातीचं मांस घेऊन गाल भरायचा. बारा दिवसांनी भरती. तिथल्या डॉक्टर बाईंनी बजावून सांगितलं, "खा. दूध, अंडी, मऊ खिचडी, काय जाईल ते खा. वजन कमी होऊ देऊ नका."

घरी आलो आणि प्रार्थनेला गुडघे टेकले. शब्दच निघेना. दुसऱ्यांसाठी मी तासभर प्रार्थना करतो, कोणाच्या शेतासाठी, कोणाच्या म्हशीसाठी, कोणाच्या सुनेसाठी. स्वतःसाठी तोंडातून 'बापा' एवढंही निघेना. वाटायचं, दार लावलेलं आहे.

आणि गंमत बघा, हा विषय मी शेडमध्ये किती वेळा शिकवला त्याला गणती नाही. जुन्या काळी यहुद्यांच्या मंदिरात महायाजक, म्हणजे मुख्य पुजारी, वर्षातून एकदाच पडद्याच्या आत देवासमोर जायचा, बोकडाचं रक्त घेऊन, लोकांच्या पापांसाठी आणि स्वतःच्याही. लोक बाहेर जीव मुठीत धरून थांबायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग ख्रिस्त आला. तो स्वतःच याजक आणि स्वतःच अर्पण. तो एकदाच आत गेला, स्वतःचं रक्त घेऊन, आणि ते कायमचं पुरलं. म्हणून आता कोणीही धीटपणानं जवळ जावं. मी हे हातवारे करून सांगायचो, लोक माना डोलवायचे. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मला वाटलं, हे खरं आहे, पण लोकांसाठी. पुढं उभं राहून फसवणाऱ्यासाठी नाही.

म्हणून मी ठरवलं की अकरा वर्षं खाल्ली तर अकरा दिवस उपास करायचा. एका वर्षाला एक दिवस. मग भरतीच्या दिवशी देवाला सांगता येईल, बाबा, मी फेडलं.

सुशीला रोज गिरणीत डबा पाठवायची. दोन उकडलेली अंडी, तांब्याभर दूध, खिचडी. गिरणीपुढं एक तांबूस कुत्री असते. मी तिच्यापुढं सगळं ठेवायचो. आधी तिचा विश्वासच बसेना, मग ती डबा यायच्या आधीच येऊन बसायला लागली. संध्याकाळी घरी गेलो की म्हणायचो, "दुपारचं जड झालं, आता नको." पाणी प्यायचो फक्त, आणि चहा. चहा मी उपासात धरला नाही, खरं तेच सांगतो.

सहाव्या दिवशी गिरणीत चक्कर आली. पोत्यावर टेकलो. मनात म्हटलं, लागू पडून राहिलंय. अशक्तपणा वाढला तसं मला बरं वाटायचं, कारण काहीतरी चुकतं होतंय असं वाटायचं. असा उलटा हिशोब माणूस भीतीत करतो. आज लिहिताना मला माझ्याच डोक्यावर वरवंटा घालावासा वाटतो.

वजनकाटा

भरतीच्या दिवशी नर्सनं काट्यावर उभं केलं. आकडा बघून तिनं काटा हलवून पुन्हा उभं केलं. मग रक्त घेतलं. दुपारी डॉक्टर बाई आल्या, कागद बघितला आणि आवाज चढला.

"काय केलंत तुम्ही? खात नव्हता?"

मी मान खाली घातली.

"या शरीराला भूल देऊन मी टेबलावर घेऊ? जखम भरणार कशी? तीन आठवडे पुढं जातंय ऑपरेशन. गाठ थांबत नसते काका, ती वाढते!"

त्या निघून गेल्या.  तोपर्यंत मला आजार मारील अशी भीती होती. आता कळलं की मीच मला मारायला निघालो होतो, आणि ते देवाच्या नावावर.

सुशीलानं सामान पिशवीत भरलं, मला बस स्टँडवर आणलं, बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि मग म्हणाली, "डब्याचं काय केलं?"

"कुत्रीला दिलं."

"अकराही दिवस?"

"व्हय."

"काहून?"

आणि मी सगळं सांगितलं. पट्ट्यामागची पुडी, अकरा वर्षं, डॉक्टरांपुढची थाप, उपास. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही. समोर परभणीची गाडी लागली होती, तिची पाटी वाचत राहिलो.

तिनं नाक पुसलं. म्हणाली, "तुमच्या सदऱ्याचे खिसे कोण उलटं करून झाडतंय? अकरा वर्षं तंबाखूचा चुरा माझ्याच हाताला लागतो."

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"मग बोलली न्हाईस कधी!"

"बोलले की. तुमच्यापाशी न्हाई, देवापाशी. रोज. म्हणलं, तुमी स्वतःहून सांगाल. न्हाई सांगितलं." मग तिचा आवाज फाटला. "आन् आता उपाशी मरायला निघालता? मला अन् साराला सोडून? कोणी सांगितलंतं असलं करायला?"

ती रडली आणि मीही रडलो. स्टँडवरची माणसं बघत होती. मी म्हटलं, बघू द्या.

दादा

दोन दिवसांनी दादा आला, हातात किटली. साराचा फोन गेला होता त्याला. आल्या आल्या त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात जनावर न्याहाळतात तसं.

"बरगड्या दिसून राहिल्या लेका," म्हणाला. मग जरा आवाज हळू करून, "म्हसोबाला तुझ्या नावानं बोकड ठेवलाय. काळा. एक केस पांढरा न्हाई त्याच्या अंगावर. तू बरा झाला की द्यायचा. तुला काय खायला लावत न्हाई, यायला लावत न्हाई. माझं मी करतो."

खरं सांगतो, मी लगेच 'नको' म्हणालो नाही. विश्वासात येऊन बावीस वर्षं झाली, लोकांना शिकवतो, आणि त्या क्षणी मनात आलं, असू दे, काय सांगावं. भीती माणसाला कुठं कुठं नेते. दादा माझ्यासाठी त्याच्या कळपातला सगळ्यात चांगला बोकड देत होता. त्याच्या मायेत काही खोट नव्हती.

तेवढ्यात सुशीलानं चहा आणला आणि त्याला उपासाचं सांगून टाकलं. दादाचा कप हातातच राहिला.

"अकरा दिवस? तोंडात फोड असताना? काहून?"

"माझी चूक व्हती, दादा. फेडायची व्हती."

"कोणाला फेडत व्हतास?"

"देवाला."

"असं फेडतेत?" दादा भडकला. तो भडकला की उभा राहतो, तसा उभा राहिला. "इतकी वर्षं शेरडामागं काढली, काय शिकलास तू? देवाला जनावर द्यायचं तर आधी बघतेत का न्हाई? शिंग मोडकं चालत न्हाई. कान फाटका चालत न्हाई. लंगडं, खरजुलं, ऐब असलेलं कोणी देवापुढं नेतं का? महिनाभर खाऊ-पिऊ घालून मग नेतेत. तू काय केलं? तोंड सडलेलं, बरगड्या निघालेल्या, हे जनावर देवापुढं नेऊन राहिलास! कोण घेईल तुला?"

दादा अजून उभाच होता.

"आन् सुरी बी तुझ्याच हातात, मान बी तुझीच. अरे, तू तुझ्या देवाचा पुजारी का बोकड? काय ते एक ठरीव! दोन्ही एकच माणूस कसा व्हईल?"

सुशीलानं हातातली बशी खाली ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

दादाला काय ठाऊक तो काय बोलून गेला. तो रागानं चहा प्यायला लागला. आणि मी तिथंच बाजेवर बसलो आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं जे वाक्य मी शेडमध्ये सांगत होतो ते माझ्या भावानं, ज्यानं एकदाही शेडमध्ये पाय ठेवला नाही त्यानं, शिवी घालावी तसं माझ्या तोंडावर फेकलं. याजक आणि अर्पण, दोन्ही एकच माणूस कसा होईल? फक्त एकजण झाला. त्याच्यात ऐब नव्हती, म्हणून तो अर्पण होऊ शकला. त्याला स्वतःसाठी काही फेडायचं नव्हतं, म्हणून तो माझा याजक होऊ शकला. आणि मी त्याच्या दोन्ही जागा बळकावून बसलो होतो! त्यानं दिलं ते पुरलं नाही, वरून माझे अकरा दिवस लागतात, असंच मी देवाला ऐकवत होतो की. तंबाखूपेक्षा ही गोष्ट मोठी होती, आणि तिला मी भक्ती समजत होतो.

"रडून काय व्हतंय," दादा नरमला. "दूध पी."

मी प्यालो. मग त्याला म्हणालो, "दादा, तो बोकड नको देऊस."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं काहीच चालत न्हाई का तुझ्यासाठी?"

 माझ्यासाठी एकानं आधीच दिलंय, आता कोणीच काही द्यायचं उरलेलं नाही, असं काहीतरी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. मी म्हणालो, "तुझं दूध पाहिजे मला. रोज." पुढचे अठरा दिवस माझा भाऊ सकाळी किटली घेऊन आला. एकही दिवस चुकवला नाही, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहायचा. तो बोकड अजून कळपात आहे आणि लोकांच्या हरभऱ्यात शिरतो. दादा म्हणतो, तुझ्यासारखाच झालाय, कोणाचं ऐकत न्हाई.

त्या तीन आठवड्यांत माझी भीती गेली का? नाही. दोन भीती होत्या, त्यातली एक गेली. सुरी, नळ्या, मरण यांची भीती होती तशीच राहिली. पण आता मी गुडघ्यावर बसलो की 'बापा' म्हणता यायचं, आणि तेवढं मला लई होतं.

आत

ऑपरेशनच्या सकाळी गाडीवर घालून नेलं. दवाखान्याचा तो लांबलचक व्हरांडा मला अजून आठवतो, वर ट्यूबलाइटी मागं मागं जात होत्या. मोठ्या दारापाशी नर्स म्हणाली, "नातेवाईक इथंच थांबा." सुशीलानं माझा पाय धरला होता, तो सोडला. दार बंद झालं. आत कडाक्याची थंडी, हिरवे कपडे घातलेली माणसं, कोणाचा चेहरा दिसेना. माझे दात वाजायला लागले. एकीनं पांघरूण घातलं आणि विचारलं, "काका, थंडी वाजते का?" मी म्हणालो, "भीती वाटून राहिली." ती म्हणाली, "वाटतेच." एवढंच म्हणाली. मला तिचा अजून आधार वाटतो.

मोठी प्रार्थना सुचली नाही. येशूला म्हणालो, तू पडद्याच्या आत गेलाच आहेस, माझं नाव घे. मग काही आठवत नाही.

उठलो तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी, मानेला टाके. बोलता येईना. सारानं वही दिली. पहिलं वाक्य मी लिहिलं ते 'पाणी'. दुसरं 'गिरणी बंद आहे ना'. चौथ्या दिवशी आरसा मागितला. सुशीला नको म्हणत होती. बघितलं. डाव्या बाजूला छातीचं कातडं, त्यावर छातीचे केस तसेच. मी माझ्या गालाला हात लावला तर तो मला कळेना. वहीत लिहिलं, 'आता गालाला दाढी नाही, छाती आहे.' सारा हसली, मग बाहेर जाऊन रडली.

शेजारच्या खाटेवर कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला होता, तोही तंबाखूचाच. आम्ही दोघं वहीतून बोलायचो. त्याच्या वहीत एकदा लिहिलं होतं, 'तुमचा देव तुमच्यावर रागावला का?' मी त्याची वही माझ्याकडं ओढली. मग लिहिलं, 'मला तसं वाटलं होतं. माझी चूक झाली.' त्यानं ते पान फाडून उशीखाली ठेवलं.

पुढं सहा आठवडे रेडिएशनचा शेक, आठवड्याला पाच दिवस. आमच्याकडं लोक त्याला लाईट देणं म्हणतात. चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीचा साचा करतात, तो तोंडावर घालून टेबलाला खटक्यांनी अडकवतात. मान हलत नाही, तोंड उघडत नाही, आणि सगळी माणसं खोलीबाहेर निघून जातात. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण जिवंत पुरले गेलो. हात उचलून ओरडलो. ओरडलो म्हणजे घशातून घरघर निघाली. मशीन थांबवून पोरगी धावत आली. "काका, मी काचेतून तुम्हाला बघतेय. हात हलवला की लगेच येते." तीस दिवस मी त्या साच्याखाली झोपलो आणि तीसही दिवस घाबरलो. श्वास घेताना 'येशू', सोडताना 'माझा याजक', एवढंच मनात म्हणायचो. तोंड सोललं, चव गेली, दुधाचा घोटसुद्धा काचेसारखा लागायचा.

शेडमध्ये

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी लिहून दिलं आणि सुशीलानं मंडळीपुढं वाचलं. तंबाखू, थाप, उपास, सगळं. मी बाजूला सतरंजीवर बसलो होतो, लाळ पुसायला टॉवेल हातात. तिनं वाचून संपवलं. मग म्हाताऱ्या कोंडाबाई, ज्या नेहमी सगळ्यात पुढं बसतात, त्या म्हणाल्या, "पाळक, मी पुढंच बसते. मला वास येतच व्हता. म्हणलं, देवाला बी येत असंल. तो बघून घेईल."

काहीजण हसले. सगळे नाही. दोन घरं त्यानंतर येईनाशी झाली, आणि मला त्यांचा राग नाही. मी फसवलंच होतं त्यांना. माफी देवाकडून मिळाली म्हणून माणसांचा विश्वास दुसऱ्या दिवशी परत येत नाही. ते मी सोसतोय.

तुमच्यापैकी कोणी आज रिपोर्ट हातात घेऊन बसला असेल तर त्याला दोनच गोष्टी सांगतो. तीन बोटं जात नसतील तर थांबू नका. आणि खा. देवाला तुमच्या बरगड्या नकोत.

या आठवड्यात

आता माझं बोलणं नवख्याला कळत नाही. सुशीलाला कळतं, दादाला अर्धं कळतं. गिरणी पुन्हा सुरू आहे. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो तर डॉक्टर बाईंचा हात मानेच्या उजव्या बाजूला थांबला. पुन्हा तिथंच चाचपलं. एक गाठ आहे, बोराएवढी. सुई घालून पाणी काढलं. रिपोर्ट गुरुवारी. आज मंगळवार.

काल दिवसभर मी दहा वेळा ती गाठ चाचपली. मोठी झाली का, हलते का, दुखते का. पीठ दळताना हात तिकडंच. भीती तीच, साच्याखालची. मला वाटलं होतं, एकदा यातून गेलो की पुढच्या वेळी धीट असेन. कसला धीट! आज सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी मी शेडमध्ये गेलो आणि सतरंजीवर बसलो. काही तयारी नव्हती. देवाला द्यायला उपास नव्हता, नवस नव्हता, चांगली वागणूक म्हणावी तर काल संध्याकाळी मी सारावर विनाकारण ओरडलो होतो.

थोड्या वेळानं सुशीला दूध घेऊन आली. दारात उभी राहून म्हणाली, "झाली का प्रार्थना?"

"व्हय," मी म्हणालो.

"काय मागितलं?"

"काय न्हाई. म्हणलं, लई भीती वाटून राहिली."

"आन्?"

"आन् काय. आणलं काहीच नव्हतं. तसाच बसून राहिलो त्याच्याजवळ."

ती आत आली, माझ्या शेजारी सतरंजीवर टेकली. "मग?"

"मग काय," मी म्हणालो. "कोणी ऊठ म्हणलं न्हाई."